मसुरावरचे दव आणि मागे राजहंसगड: एका चौकटीचा प्रकरण अभ्यास

काम मोजक्या शब्दांत सांगितलेले होते. बेळगाव तालुक्यातल्या एका कृषी पत्तीन संघाला, म्हणजे शेतकऱ्यांच्या पतसंस्थेला, एक आडवे छायाचित्र हवे होते. पुढे दवाने भिजलेले मसुराचे शेत, मागे राजहंसगड, सूर्य नुकताच वर आलेला. तेच चित्र कार्यालयात १९ बाय १३ इंचांत लावायचे आणि वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावरही छापायचे. महिना डिसेंबर, तिसरा आठवडा. बासमतीची कापणी-मळणी उरकून महिना झालेला, त्याच वाफ्यांत जमिनीतल्या ओलीवर कुरीने (पाभरीने) पेरलेला मसूर वीतभर वाढलेला. छायाचित्रकार अनुभवी, पण अनुभव लग्नसमारंभ आणि मालाच्या चित्रांचा. पहाटेच्या शिवाराचे काम त्यांच्यासाठी नवे होते.

पहिल्या सकाळी निघालेल्या चित्रांत शेत हिरवे होते, गड ठसठशीत होता, आकाश निळे होते. दव मात्र कुठेच नव्हते. त्याच वेळी बांधावरून चालणाऱ्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजत होती, म्हणजे दव भरपूर पडले होते. डोळ्यांना दिसलेले कॅमेऱ्यात का उतरले नाही, याचा माग काढून दुसऱ्या सकाळची आखणी केली. या नोंदीचा मुख्य भाग तोच आहे.

चूक दिशेत होती

दवाचा थेंब स्वतः काही रंगाचा नसतो. तो प्रकाश वळवतो, आणि आत शिरलेल्या प्रकाशाचा मोठा भाग थोडासा वाकून पुढच्या दिशेलाच बाहेर पडतो. म्हणून सूर्याकडे तोंड करून, म्हणजे सूर्य समोर किंवा समोरून तिरका ठेवून पाहिले की प्रत्येक थेंब ठिणगीसारखा चमकतो. सूर्य कुशीला गेला की चमकणारे थेंब झपाट्याने कमी होतात. सूर्य पाठीमागे आला की शेत चंदेरी-करडे दिसते, पानांचा हिरवा रंगही फिका पडतो आणि एकेक थेंब ओळखू येत नाही.

आता त्या सकाळचे कोन पाहा. बेळगाव सुमारे १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथे सूर्य थेट पूर्वेला उगवत नाही. तो पूर्वेच्या २४ अंश दक्षिणेला, म्हणजे उत्तरेपासून मोजल्यास सुमारे ११४ अंशांवर उगवतो. राजहंसगड येळ्ळूर गावाच्या दक्षिणेला. येळ्ळूरलगतच्या ज्या शेतातून पहिली चित्रे घेतली, तिथून गड १९० अंशांच्या आसपास होता. कॅमेरा गडाकडे वळवला की सूर्य डाव्या हाताला ७६ अंशांवर, जवळजवळ काटकोनात. गड चौकटीत घेण्याचा निर्णय झाला तेव्हाच दव चौकटीबाहेर गेले होते, आणि त्या जागी उभे राहून कोणतीही लेन्स लावली तरी फरक पडला नसता.

बाकीच्या चुका या मूळ चुकीवर चढत गेल्या. लेन्सवर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर होता. पावसाळी रानात ओल्या पानांवरची नको असलेली चकाकी काढायला तो उत्तम, पण इथे तीच चकाकी टिपायची होती. त्यात आकाशावर पोलरायझरचा परिणाम सर्वांत जास्त होतो तो सूर्यापासून काटकोनात, आणि कॅमेरा नेमका तिकडेच वळलेला. आकाश गडद निळे झाले आणि पानांवरचे उरलेसुरले तेजही गेले. शिवाय हा फिल्टर दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), त्यामुळे शटर लांबले आणि शेंडे हलले.

कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्याइतका उंच, दीड मीटरवर होता. इतक्या उंचीवरून वीतभर पिकाकडे पाहिले की दोन ओळींमधली काळी माती दिसते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे चित्राचे रंग जुळवणारी सोय, ऑटोवर होता. सकाळचा पिवळा उजेड ही चूक आहे असे समजून कॅमेऱ्याने तो पुसून टाकला.

आणखी एक घोटाळा पायांचा. दवातून माणूस चालला की थेंब फुटून एकमेकांत मिसळतात, पानावरून खाली पडतात आणि मागे गडद पट्टा उरतो. चांगली जागा शोधताना छायाचित्रकार शेताच्या कडेने दोनदा फिरले होते. पहिल्या सकाळच्या निम्म्या चौकटींत पुढच्या भागातून हा पट्टा आडवा गेलेला दिसतो. संगणकावर तो पुसणे जवळजवळ अशक्य, कारण पुसायचे म्हणजे तिथे हजारो थेंब नव्याने बसवायचे.

त्याच सकाळी गंमत म्हणून उलट्या दिशेने, सूर्य पाठीशी ठेवून घेतलेल्या एका चित्रात छायाचित्रकाराच्या सावलीच्या डोक्याभोवती उजळ वलय आले. लेन्सवर डाग असावा म्हणून ते काढून टाकले गेले. तो डाग नव्हता. थेंब सूर्यकिरण मागच्या पानावर एकवटतो आणि तिथून परतणारा उजेड त्याच थेंबातून आल्या वाटेने सूर्याच्या दिशेला जातो. म्हणून वलय दिसते ते पाहणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्याभोवती, शेजाऱ्याच्या नाही. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला लावावे असे ते चित्र होते.

कोणत्या रात्री दव पडेल

दुसरी सकाळ पंचांग पाहून नव्हे, रात्रीचे हवामान पाहून निवडली. दव पडायला तीन गोष्टी लागतात: निरभ्र आकाश, वारा जवळजवळ नाही, आणि हवेत पुरेशी आर्द्रता. निरभ्र रात्री पान आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा दोन-चार अंशांनी थंड होते. बेळगावात डिसेंबरचे किमान तापमान १४ अंशांच्या आसपास जाते. हवा १४ अंशांवर असताना पान ११ वर आलेले असू शकते. त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊ लागते तो, १२ असेल तर पानावर पाणी धरते, जरी हवेत धुके नसले तरी. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये संध्याकाळी ‘ड्यू पॉइंट’ आणि रात्रीचे किमान तापमान शेजारीशेजारी पाहावे. दोहोंत दोन-तीन अंशांचाच फरक असेल आणि वारा ताशी पाच किलोमीटरच्या आत असेल तर जायला हरकत नाही.

दोन परिस्थितींत जाऊच नये. एक, पूर्वेकडून कोरडा वारा रात्रभर वाहत असेल तेव्हा. थंडी कडाक्याची असते आणि शेत कोरडे असते. दुसरी, समुद्रात कमी दाबाचा पट्टा होऊन इकडे ढग आले असतील तेव्हा. ढग जमिनीची उष्णता अडवून धरतात, मग पान थंड होतच नाही.

धुक्याचे गणित वेगळे. बळ्ळारी नाल्याच्या बाजूला सखल शिवारात थंड हवा उतरून साचते, तिथे धुके दाट होते आणि सूर्य तासभर पांढऱ्या चकतीसारखा लटकत राहतो. अशा उजेडात दव भरपूर असूनही चमकत नाही, कारण चमकायला थेट किरण लागतात. म्हणून पाच-दहा मीटर उंचावरचे शेत निवडणे शहाणपणाचे. धुके खाली राहते, आणि पाठीमागच्या देखाव्यात त्याचा पातळ थर आला तर चित्राला खोलीही येते.

पाण्याचे थेंब सारखे नसतात

गडाच्या वाटेवर जोंधळ्याच्या पात्यांच्या टोकाला आणि कडेला ओळीने टपोरे थेंब दिसतात. ते बहुतेक वेळा दव नसतात. मुळांनी रात्रभर ओढलेले पाणी पात्याच्या कडांच्या छिद्रांतून स्वतः झाडच बाहेर टाकते. भात, गहू, गवत यांतही हेच दिसते. जवळून एकच थेंब टिपायचा असेल तर हे थेंब सरस, कारण ते मोठे, गोल आणि जागेवर टिकणारे असतात. वाटाण्याच्या किंवा कोबीच्या मेणचट पानावर दव सुटे मणी होऊन बसते. बटाट्याच्या पानावर पसरते. मसुराची बारीक पर्णिका आणि तिच्यावरची लव यांच्यामुळे थेंब अगदी बारीक पण दाट येतात. एकेक मोजण्यासारखे नाहीत, पण मोठ्या शेताच्या चित्राला हेच हवे.

हरभऱ्याची गोष्ट निराळी. त्याच्या पानांवरच्या केसांसारख्या ग्रंथी आम्ल सोडतात आणि दव त्यात मिसळते. रात्री पिकावर फडके पसरून सकाळी पिळून काढतात ती आंब हीच. हरभऱ्यात जवळून काम करताना लेन्सची काच पानांना टेकली तर कोरड्या कापडाने चोळू नये. आधी साध्या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने आम्ल टिपून घ्यावे, मग कोरडे करावे.

बाटलीने पाणी फवारून दव करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. शेतीच्या संस्थेच्या चित्रासाठी तो आम्हाला मुळीच मान्य नाही. फवाऱ्याचे थेंब लहानमोठे, पानाच्या एकाच बाजूला आणि खालच्या मातीवरही पडलेले असतात. जन्मभर पहाटे शेतात जाणारा माणूस ते एका नजरेत ओळखतो, आणि हे चित्र बघणारे सगळे तसेच होते.

नवी जागा

गड सोडायचा नव्हता आणि दवही हवे होते, म्हणून उभे राहायची जागा बदलली. गडापासून साधारण तेवढेच, तीन किलोमीटर अंतर ठेवून पश्चिमेला, देसूर गावाच्या बाजूला दोनएक किलोमीटर सरकल्यावर गड आग्नेयेकडे, १५० अंशांवर आला. कॅमेऱ्याची दिशा १४५ अंश ठेवली. सूर्य ११४ वर, म्हणजे डावीकडे ३१ अंश. फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ३५ मिमी लेन्सची आडवी दृष्टी ५४ अंश, मधल्या रेषेपासून प्रत्येकी २७. म्हणजे सूर्य चौकटीच्या डाव्या कडेच्या जरा बाहेर राहिला. थेंब समोरून उजळलेले, पण सूर्याचा गोळा आणि त्याने येणारी धूसरता चित्रात नाही. त्याहून लहान सेन्सरच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर हेच काम २३-२४ मिमीने होते.

त्याची किंमत होती. ३५ मिमीने गड क्षितिजावर लहान दिसतो, आणि उजेड मागून असल्यामुळे तो तपशिलाविना निळसर छायेसारखा येतो. २०२३ साली गडावर उभारलेला शिवरायांचा पुतळाही या अंतरावरून बारीक रेघ होतो. संघाच्या लोकांना हे आधीच, मोबाइलवरचे नमुना चित्र दाखवून सांगितले. माहितीतल्या डोळ्यांना गडाची बाह्यरेषा पुरते, असे त्यांचेच मत पडले. गड मोठा हवा म्हणून ७० मिमी लावली असती तर पुढचे शेत अरुंद पट्टी होऊन बसले असते.

दिशा मोजायला मोबाइलचे होकायंत्र चालते, पण मोटारसायकलच्या टाकीवर किंवा लोखंडी फाटकाजवळ ठेवून मोजू नये, काटा सहज पंधरा-वीस अंश भरकटतो. जागेची पाहणी आदल्या दिवशी दुपारी केली. शेताच्या मालकांना विचारले तेव्हा त्यांनी एकच अट घातली, “बांधावरनं चला, वल्या मसुरात उतरू नकासा.” अट रास्त आहे. ओल्या पिकात फिरले की कोवळे शेंडे मोडतात आणि पानांवरचे रोग भिजलेल्या कपड्यांबरोबर पुढच्या ओळीत जातात. चित्रासाठीही तेच बरे. कॅमेरा बांधावर, आणि येण्याजाण्याची वाट पाठीमागून, चौकटीत येणार नाही अशी ठरवली. दुपारीच आणखी एक पाहून घ्यावे: डुकरांसाठी कुठे तार लावली आहे का, आणि तिच्यात वीज सोडतात का. अंधारात ते दिसत नाही. बांधावरच्या गवतात घोणस असते, तेव्हा गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि चांगला टॉर्च हवाच.

ओळी कोणत्या दिशेने पेरल्या आहेत यालाही महत्त्व होते. या शेतातल्या ओळी साधारण पूर्व-पश्चिम होत्या, म्हणून चौकटीत त्या तिरक्या, डावीकडच्या उजेडाच्या दिशेने जाताना दिसल्या आणि प्रत्येक ओळीची कड उजळली.

दुसरी सकाळ

सूर्योदय ६.५३. पोहोचायची वेळ ६.१० ठरवली, कारण ६.३० पासून टॉर्चविना दिसू लागते आणि त्याआधी तिपाई बसलेली हवी. तिपाईचे पाय काळ्या ओल्या मातीत हळूहळू रुततात. दोन चौकटींच्या मधे कॅमेरा मिलिमीटरभर खचला तरी त्या एकमेकींवर बसत नाहीत. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवला. कॅमेऱ्याची उंची ३५ ते ४० सेंटिमीटर, पिकाच्या जेमतेम वर. इतक्या खालून नजर शेतावरून घासत जाते, माती झाकली जाते आणि मागच्या-पुढच्या थेंबांची दाटी एकावर एक येते.

पहिल्या सकाळी लेन्स दोनदा धुरकटली होती. झाकण काढून, तोंड आकाशाकडे करून ती पाऊण तास उघडी होती. म्हणजे पान जसे थंड झाले तशीच काचही झाली आणि तिच्यावरही दव पडले. या वेळी हूड लावला, झाकण शेवटच्या क्षणापर्यंत ठेवले, आणि लेन्सच्या नळीभोवती पॉवर बँकेवर चालणारी ऊब देणारी पट्टी गुंडाळली. पट्टी नसेल तर लोकरी मोजा आणि त्यात हात गरम करायची पुडी एवढ्यावर भागते. धुरकटलेली काच तोंडाने फुंकू नये, श्वासात पाणीच असते. काम संपल्यावर थंड कॅमेरा तसाच उबदार घरात काढला तरी धुरकटतो. बंद पिशवीत अर्धा तास राहू द्यावा.

३५ मिमी, एफ/११ (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तेवढे छिद्र लहान) आणि फुल फ्रेम असे धरले तर पावणेचार मीटरवर फोकस केल्यावर साधारण १.९ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे रेखीव येते. पण सर्वांत जवळचे रोप कॅमेऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर होते. म्हणून एकाच चौकटीचे चार भाग घेतले: फोकस ०.७ मीटर, १.१ मीटर, सव्वादोन मीटर आणि चार मीटरवर. ही चित्रे नंतर संगणकावर एकत्र केली. एफ/२२ वापरून एकाच चौकटीत भागवता येईल असे वाटते, पण तिथे प्रकाशाच्या विखुरण्याने सगळीच धार मऊ होते आणि बारीक ठिणग्या प्रथम जातात.

शेताच्या डावीकडे अडीचशे मीटरवर दहाएक मीटर उंच झाडी होती. तिच्यामुळे उजेड शेतात उतरला तो ७.०४ ला. सूर्य या दिवसांत साडेचार मिनिटांत एक अंश चढतो. ७.१५ ला तो चार अंशांच्या जरा वर होता, म्हणजे कुठल्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या तेरा-चौदा पट. कामाची वेळ ७.०५ ते ७.३५. त्यानंतर सूर्य दहा अंशांवर जातो, जमीन तापून झुळूक सुरू होते, थेंब मिसळून गळू लागतात. पाणी ८ पर्यंत असते, पण चमक गेलेली असते.

७.१५ ची मापे: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/११, १/१५ सेकंद. हवा पूर्ण स्तब्ध होती म्हणून हे चालले. सव्वासात उलटल्यावर शेंडे किंचित डुलू लागले तेव्हा आयएसओ ४०० करून १/६० वर आणले. सगळे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात, व्हाइट बॅलन्स ५२०० केल्विनवर पक्का. एक्स्पोजर पानांच्या उजळ कडांवर ठरवले. हिस्टोग्राममध्ये (चित्रातल्या उजेड-अंधाराच्या आलेखात) ठिणग्यांची टोके उजव्या भिंतीला लागलेली दिसतात, ती लागू द्यावीत. त्या वाचवायला चित्र दोन स्टॉप काळे केले तर शेत मरते. आकाश मात्र चार स्टॉप जास्त उजळ होते, म्हणून तिथल्यासाठी तीन स्टॉप कमी एक्स्पोजरची वेगळी चौकट घेतली. सूर्य कडेलगत असल्याने काचेवर तिरका उजेड पडत होता. यूव्ही फिल्टर काढून ठेवला, आणि हूड अपुरा पडला तिथे पुठ्ठ्याचा तुकडा चौकटीबाहेर धरून लेन्सवर सावली केली.

मोबाइलवर हेच करायचे तर सूर्य डावीकडे तिरका ठेवून फोन पिकाच्या उंचीवर, उलटा धरावा, म्हणजे लेन्स खाली येते. एचडीआर (उजळ आणि गडद भाग आपोआप जुळवणारी सोय) शक्य असेल तर बंद करावे, ते ठिणग्या आणि सावल्या सपाट करते.

संगणक आणि छपाई

चार भाग जोडताना एक अडचण येते. फोकसबाहेरची ठिणगी बिंदू राहत नाही, चकती होते. सॉफ्टवेअर आपोआप जोडते तेव्हा रेखीव पानाभोवती या चकत्यांची भुते राहतात. म्हणून सर्वांत पुढच्या भागासाठी ०.७ मीटरची चौकट पाया धरली आणि तिथले जोडकाम हाताने, मास्क रंगवून केले. नॉइज कमी करणारी सोय बंद ठेवली, तिला बारीक थेंब आणि दाणे यांतला फरक कळत नाही. क्लॅरिटीचा, म्हणजे बारीक तपशील ठसठशीत करणाऱ्या सोयीचा, मोह टाळला. थोडी वाढवली की दव पिठासारखे पांढरे दिसू लागते, भुरी रोग पडल्यासारखे, आणि हे चित्र शेतकरी बघणार होते.

१९ बाय १३ इंच, ३०० पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) म्हणजे ५७०० बाय ३९०० पिक्सेल. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे ६००० बाय ४००० त्याला जेमतेम पुरतात, कापाकाप करायला जागा उरत नाही. क्षितिज सरळ करायचे तेही तिपाईवरच करून घ्यावे लागले. धार देण्याचे काम आकार अंतिम झाल्यावर, सर्वांत शेवटी केले.

अहवालाचे मुखपृष्ठ आधी साध्या, लेप नसलेल्या कागदावर ठरले होते. अशा कागदाचा पांढरा मुळातच मंद असतो आणि शाई त्यात पसरते. चाचणी प्रतीत निम्म्या ठिणग्या गायब झाल्या. मुखपृष्ठापुरता आर्ट पेपर घ्यायला संघाने होकार दिला, आतली पाने साधीच राहिली. भिंतीवरच्या प्रतीसाठी चकचकीत कागद निवडला आणि ती खिडकीसमोरच्या भिंतीवर न लावता खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर लावायला सांगितले, कारण समोरून उजेड आला तर काचेवरची झळाळीच दिसते, दव नाही.